भंगारवाल्याची वही

आमच्या शाळेची घंटा पितळेची होती. सकाळी तिचा टोल पडला की शिवारात काम करणाऱ्या माणसालाही वेळ कळे. एका दिवाळीच्या सुट्टीत ती चोरीला गेली. आम्ही तेव्हा त्या शाळेत हेडमास्तर होतो. आठ दिवसांनी तालुक्याच्या गावी भंगाराच्या एका दुकानात ती सापडली. सापडली म्हणजे तिचे तीन तुकडे सापडले. घणाने फोडली होती. एका तुकड्यावर शाळेच्या नावाची अक्षरे कोरलेली होती, म्हणून तर ओळख पटली.

आम्ही दुकानदाराला विचारले, "ही कुणी आणून दिली?"

तो म्हणाला, "गुरुजी, दिवसाला पन्नास माणसं येतात. कुणाकुणाची नावं विचारू? काट्यावर टाकली, वजन केलं, पैसे दिले."

"वही ठेवता का?"

"वही कशाला? रोखीचा धंदा आहे आपला."

चोर काही सापडला नाही. आणि तुकड्यांची काही घंटा होत नाही. पुढे आम्ही रेल्वेच्या लिलावातला रुळाचा एक तुकडा विकत आणला आणि तोच शाळेत टांगला. त्याचीही एक गंमत आहे, ती पुढे सांगू.

तो दुकानदार चोर नव्हता. पण त्याने आणणाऱ्याचे नाव विचारले असते, तर चोर त्या दुकानाची पायरी चढला असता का? हा प्रश्न आमच्या मनात राहिला. गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न अमेरिकेतल्या आणि विलायतेतल्या सरकारांपुढे आला. तिथे घंटा नाही, मोटारीखालची एक पेटी चोरीला जात होती. त्यासाठी त्यांना नवे कायदे करावे लागले. त्या पेटीची आणि त्या कायद्यांची हकीकत आज सांगायची आहे.

आधी पेटी कसली ते पाहू.

मोटारीचे इंजिन पेट्रोल जाळते. त्याचा धूर नळीतून मागे बाहेर पडतो. त्या धुरात विषारी वायू असतात. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे दगावतात, ते ज्या वायूमुळे, तो वायूही त्यात असतो. हे विष कमी करण्यासाठी इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये लोखंडी पत्र्याची एक पेटी बसवतात. तिचे नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. नाव अवघड आहे. आपण तिला धुराची पेटी म्हणू. तिच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची वीट असते. त्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या तीन धातूंचा पातळ थर दिलेला असतो. तापलेला धूर या छिद्रांतून जाताना त्यातले विष बदलते. त्याची वाफ होते, आणि माणसाला लगेच अपाय न करणारे वायू होतात. धातू मात्र झिजून संपत नाहीत. ते जागच्या जागी राहतात.

अमेरिकेत १९७५ सालच्या नव्या मोटारींपासून या पेट्या सर्रास आल्या. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली. पुढे ती देशभर आली.

आता यात चोराला काय मिळते? ते तीन धातू फार महाग आहेत. पेटीत ते थोडे ग्रॅमच असतात, पण भाव ऐका. २०२१ च्या मार्च महिन्यात रोडियमचा भाव एका औंसाला तीस हजार डॉलरच्या घरात गेला. औंस म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. त्या वेळी तेवढ्याच सोन्याला सुमारे सतराशे डॉलर पडत होते. म्हणजे हा धातू सोन्याच्या सतरा पट महाग! आणि तो मोटारीखाली, रस्त्यावर, रात्रभर उघडा.

चोर बॅटरीवर चालणारी करवत घेऊन मोटारीखाली शिरतो. दोन्ही बाजूंनी नळी कापतो. पाच मिनिटेही लागत नाहीत. ज्या गाड्या जमिनीपासून उंच, त्यांच्याखाली शिरायला सोपे, म्हणून त्यांच्यावर डोळा जास्त.

ही गोष्ट दूरदेशीची आहे असे समजू नका. २०२० नंतरच्या काही वर्षांत गुजरातेत आणि महाराष्ट्रात ईको गाड्यांच्या अशा चोऱ्या पुष्कळ झाल्या. लोक त्याला सायलेन्सरची चोरी म्हणत. चोराला सायलेन्सर नको असतो. त्याला त्यातली 'माती' हवी असते. माती म्हणजे तीच धातू लावलेली वीट, कुटून बारीक केलेली.

आमचा एक जुना विद्यार्थी अशीच गाडी चालवतो. सकाळी शाळेची मुले नेतो, लग्नसराईत भाडी करतो. गाडी कर्जाची. एका पहाटे त्याने चावी फिरवली, आणि गाडी अशी ओरडली की सगळी आळी जागी झाली. खाली वाकून पाहतो तो नळी दोन्हीकडून कापलेली. तो आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, चोराला पाच मिनिटांचं काम. माझी आठ दिवसांची भाडी बुडाली, मुलांचे आईबाप दुसरी गाडी बघायला लागले, आणि नवी पेटी बसवायला पुन्हा उसने पैसे." चोर गाडीचे नुकसान करतो तेवढेच आपण मोजतो. पण हातातले गिऱ्हाईक जाते ते कोण मोजणार?

अमेरिकेत तर या चोऱ्यांचा पूर आला. तिथे विम्याच्या चोऱ्यांचा हिशेब ठेवणारी एक संस्था आहे. २०१८ साली या पेट्यांच्या चोरीच्या सुमारे १,३०० तक्रारी विम्याकडे आल्या होत्या. २०२२ साली त्या ६४,००० च्या वर गेल्या. ज्यांनी विमा मागितलाच नाही ते यात नाहीत. चोराला एका पेटीचे बहुधा पन्नास ते अडीचशे डॉलर मिळत. मालकाला नवी बसवायला हजार डॉलरहून जास्त खर्च येई.

तुम्ही म्हणाल, मग पोलीस काय करत होते? पोलिसांची अडचण समजून घ्या. समजा, रात्री एका माणसाच्या गाडीत दहा पेट्या सापडल्या. तो म्हणतो, "माझ्याच आहेत, जुन्या गाड्यांच्या काढल्या." खोटे कसे ठरवणार? पेटीवर मोटारीचा नंबर नसतो. कुणाची ते कळत नाही. मालक सापडत नाही, आणि मालकाशिवाय चोरी शाबीत होत नाही. आमच्या घंटेवर निदान अक्षरे तरी होती.

पण चोराला एक ठिकाण चुकवता येत नाही. ते म्हणजे काटा. धुराची पेटी घरी ठेवून चोर काय करणार? त्यात भाजी शिजवणार? ती विकली तरच तिचे पैसे. आणि विकायची तर भंगाराच्या दुकानातच न्यावी लागते. छोटा दुकानदार मोठ्याला विकतो, मोठा ती धातू गाळणाऱ्या कारखान्याला विकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशाच साखळीवर घाला घातला. २१ जणांवर कारवाई झाली, आणि साडेचौपन्न कोटी डॉलरची मालमत्ता जप्त करण्याची मागणी सरकारने केली. करवत चालवणारे पोरगे शंभर-दोनशे डॉलरचे. कोट्यवधी मिळवणारे ते विकत घेणारे.

म्हणून नवे कायदे चोरापेक्षा घेणाऱ्याकडे जास्त पाहतात.

यात विलायत पुढे होती. मोटारींच्या पेट्यांआधी तिथे तांबे आणि शिसे चोरीला जात होते. रेल्वेच्या तारा कापल्या जात, गाड्या खोळंबत. देवळांच्या छपरांवरचे शिशाचे पत्रे जात. लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेले ब्रॉंझचे पत्रेसुद्धा लोकांनी उपटून नेले. २००५ च्या डिसेंबरात तर कमाल झाली. हेन्री मूर हे तिथले मोठे शिल्पकार. त्यांचा ब्रॉंझचा एक पुतळा, दोन टनांहून जड, चोरांनी यारीच्या ट्रकमध्ये घालून नेला. त्याची किंमत तीस लाख पौंड धरली जात होती. पोलिसांनी पुढे सांगितले की तो कापून भंगारात विकला गेला असावा, आणि चोरांना त्याचे फार तर दीड हजार पौंड मिळाले असतील. हे वाचले तेव्हा आम्हाला आमची घंटा आठवली. फोडणाऱ्याला वस्तू दिसत नाही, वजन दिसते.

तिथे १९६४ सालापासून भंगारवाल्यांचा एक कायदा होता. दुकानाची नोंद करायची, वही ठेवायची. पण विकणारा सांगेल ते नाव वहीत लिहीत. ते नाव खरे की खोटे हे पाहण्याची सक्ती नव्हती. पैसे रोख दिले जात. मग वहीचा उपयोग काय? चोर काही आपले खरे नाव सांगत नाही.

म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये ३ डिसेंबर २०१२ पासून भंगार रोखीने घ्यायला बंदी झाली. चेक द्यायचा, नाही तर बँकेतून पैसे पाठवायचे. पुढे २०१३ साली नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू झाला. त्याप्रमाणे भंगारवाल्याला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिका समजा. परवाना तीन वर्षांचा. दुकानाचा परवाना वेगळा, आणि दारोदार फिरून भंगार गोळा करणाऱ्याचा वेगळा. विकायला येईल त्याचे नाव आणि पत्ता कागदपत्र पाहून खात्री करून घ्यायचा. काय माल आला, किती वजनाचा, त्यावर काही खूण आहे का, किती वाजता आला, कोणत्या नंबरच्या गाडीतून आला, हे सगळे लिहायचे. ती नोंद तीन वर्षे जपून ठेवायची. हे केले नाही तर दंड आहे, आणि वाईट वागणाऱ्याचा परवाना कौन्सिल काढून घेऊ शकते.

रोखीला बंदी कशासाठी, हे नीट ध्यानात घ्या. नोट बोलत नाही. ती कुणाच्या हातातून आली ते सांगत नाही. चेकवर नाव लागते. नावामागे बँकेतले खाते लागते. खात्यामागे माणूस सापडतो. चोर करवतीला भीत नाही, पण बँकेच्या कागदाला भितो.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे असतात. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली दोन कायदे केले, ते १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. वापरलेली पेटी वाटेल त्याच्याकडून घ्यायची नाही. गाड्या मोडण्याचा परवाना असलेला माणूस, गाड्या विकणारा किंवा दुरुस्त करणारा परवानाधारक, नाही तर ज्याच्याजवळ ती आपलीच असल्याचे कागद आहेत तो मालक, अशांकडूनच घ्यायची. आणि ती कोणत्या गाडीची, याची नोंद ठेवायची. पहिल्या गुन्ह्याला हजार डॉलर दंड, पुढे दोन हजार, मग चार हजार. मिनेसोटा नावाचे दुसरे एक राज्य आणखी पुढे गेले. तिथे ऑगस्ट २०२३ पासून गाडीतून सुटी काढलेली पेटी कुणापाशी असेल, आणि ती कोणत्या गाडीची हे सांगणारी खूण तिच्यावर नसेल, तर ती जवळ बाळगणे हाच गुन्हा झाला. म्हणजे मालक सापडलाच पाहिजे, ही पोलिसांची अडचण तिथे उरली नाही. आमच्या मते या सगळ्या कायद्यांत हे कलम सर्वांत शहाणपणाचे.

मग चोऱ्या थांबल्या का? खरे सांगायचे तर अमेरिकेत त्या कमी झाल्या, पण त्याचे सगळे श्रेय कायद्याला देता येत नाही. त्याच सुमाराला त्या धातूंचे भावही कोसळले. २०२३ साली रोडियम पाच हजार डॉलरच्याही खाली आले होते. विलायतेत तर २०१३ चा कायदा असतानाही २०१९ पासून लंडनमध्ये पेट्यांच्या चोऱ्या वाढल्या. दुकानात वही आली तर काही माल चोरवाटेने विकला जातो, परदेशी जातो. वहीने दार अरुंद होते, बंद होत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहते. असे कायदे झाले की पहिला फटका गरिबाला बसतो. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारा, पोते घेऊन लोखंडाचे तुकडे वेचणारी बाई, यांनी कागद कुठून आणायचे? संध्याकाळी रोख पैसे मिळाले तर त्यांच्या घरी चूल पेटते. विलायतेत २०१२ साली रोखबंदी आली तेव्हा फिरत्या गोळा करणाऱ्यांना तीतून सूट होती. २०१३ च्या कायद्याने तीही काढली. तिथे बहुतेकांची बँकेत खाती होती, म्हणून ते निभले.

पण नावाचा कागद गरिबाच्या विरुद्धच जातो असेही नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बाया आणि भंगार गोळा करणारे लोक तिच्यात एकत्र आले. त्यांना ओळखपत्रे मिळाली, आणि ती महापालिकेने मान्य केली. आधी कुठे काही चोरीला गेले की पोत्यावाल्या बाईला आधी धरत. आता तिच्याजवळ दाखवायला कार्ड आले. ज्याने चोरी केली नाही त्याला आपले नाव सांगायची भीती नसते. भीती असते ती नाव सांगूनही कुणी विश्वास ठेवणार नाही, याची. हल्ली भाजीवालीसुद्धा मोबाईलवर पैसे घेते. तेव्हा रोखीशिवाय व्यवहार ही गोष्ट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते सांगतो, कारण हे तुमच्या-आमच्या अंगाशी येणारे आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचे ३१७ वे कलम चोरीच्या मालाचे आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तो चोरीचा असावा असे मानायला जागा असून, जो अप्रामाणिकपणे घेतो किंवा ठेवून घेतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि असा माल घेण्याची ज्याला सवयच आहे, त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि वर दंड. ही नुसती भंगारवाल्याची गोष्ट नाही. कुणी रात्री अकरा वाजता पाण्याची मोटार घेऊन दारात येतो. निम्म्या किमतीत देतो. पावती मागितली तर म्हणतो, हरवली. ती तुम्ही घेतलीत, तर 'मला ठाऊक नव्हतं' हे बोलणे कोर्टात टिकेल का? मानायला जागा होती की! असे घेणारे आपल्यातही आहेत, हे आम्ही गावात राहतो म्हणून सांगतो. आज ज्याने दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटार स्वस्तात घेतली, त्याचीच केबल पुढच्या उन्हाळ्यात जाते.

महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे. त्याचे १२४ वे कलमही जाणून घ्या. चोरीची वाटावी अशी वस्तू ज्याच्यापाशी सापडेल, किंवा जो ती विकायला आणेल, त्याला ती कुठून आली याचा समाधानकारक हिशेब द्यावा लागतो. तो देता आला नाही तर शिक्षा आहे. डीपी फोडून तांबे काढणे, विजेच्या खांबावरची तार कापणे, याला २००३ च्या वीज कायद्याचे १३६ वे कलम लागते. असा चोरीचा माल घेणाऱ्याला त्याच कायद्याचे १३७ वे कलम आहे.

आणि रेल्वेच्या मालासाठी १९६६ सालचा वेगळाच कायदा आहे, फार कडक. रेल्वेचा माल चोरीचा असावा असा वाजवी संशय येईल अशा रीतीने कुणापाशी सापडला, तर तो सरळ मार्गाने आल्याचे त्याने स्वतः सिद्ध करायचे. नाही तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता आमच्या रुळाच्या तुकड्याची गंमत सांगतो. एकदा शाळा तपासायला साहेब आले. टांगलेला रूळ पाहून हसत म्हणाले, "हेडमास्तर, हा कुठून उचललात?" आम्ही कपाट उघडले आणि लिलावाची पावती त्यांच्यापुढे ठेवली. ती आम्ही शाळेच्या दप्तरात लावून ठेवली होती. साहेबांना वाटले, हा मास्तर फारच चिकट. वाटू दे.

आपणही भंगार विकतोच. फुटकी घागर, जुना पंप, मोडलेला नांगर. विकताना त्या माणसाचे नाव आणि फोन नंबर लिहून घ्यावा. मोठी वस्तू असेल तर साध्या कागदावर तारीख, वस्तू आणि रक्कम लिहून दोघांनी सही करावी. तुम्ही आता सही करता, अंगठा देत नाही. तिचा हा चांगला उपयोग आहे. मोटार, स्टार्टर, केबल विकत घ्याल त्याची पावती ट्रंकेत ठेवा. मोटारीच्या पट्टीवर नंबर असतो, तो वहीत उतरवून ठेवा. पट्टी उचकटली जाऊ शकते, म्हणून अंगावरही आपले नाव किंवा खूण कोरून घ्यावी. चोरी झालीच तर पोलिसांना नुसते "मोटार गेली" असे सांगून भागत नाही. कुणाची, कोणत्या नंबरची, काय खूण, हे सांगता आले तर भंगाराच्या दुकानात ती ओळखता येते.

अमेरिकेत पोलीस कधी कधी लोकांना बोलावून मोटारीखालच्या पेटीवर फुकट नंबर कोरून देतात, त्यावर भडक रंग मारून देतात. ही बातमी आम्ही त्या विद्यार्थ्याला वाचून दाखवली. तो दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडे गेला. नव्या पेटीवर गाडीचा नंबर कोरून घेतला, आणि तिच्याभोवती गजांची जाळी बसवून घेतली. खड्ड्यातून गेली की जाळी खडखडते, मुले हसतात. गाडी मात्र अजून रोज वेळेवर येते.